पोरांचं बंड, आईबापांची कोंडी

अन्याय मुलाला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा शाळेत, पाणवठ्यावर किंवा रस्त्यात. त्याविरुद्ध तोंड उघडायचं की गप्प बसायचं, हे मात्र घरात ठरतं. मराठी साहित्याने मुलाचं बंड पुष्कळ रंगवलं. त्याला आवरणाऱ्या किंवा बळ देणाऱ्या आईबापांची घालमेल तितकी लिहिली नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये ही घालमेल दिसते. वाटेत अडलेल्या दलित म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते; घरी आल्यावर आंघोळ कर, असंही सांगते. करुणा आणि लोकांचा धाक एकाच मनात नांदतात. पण सांगणारा श्याम भक्तीने सांगतो, त्यामुळे तो पेच उकलत नाही.

तो उकलला दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ मध्ये पोराला शाळेत घालणं हेच बापाचं बंड आहे, आणि त्यासाठी त्याला आपल्याच माणसांचा रोष ओढवून घ्यावा लागतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त शाळेत बापाचं नाव विचारलं जातं आणि मुलापाशी उत्तर नसतं. त्याचा संताप नाकारणाऱ्या बापावर आहे, तसाच जन्म देणाऱ्या आईवरही. मात्र ती स्वतः त्याच व्यवस्थेची बळी आहे, हे लिंबाळे विसरत नाहीत. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ मधलं मूल आईसाठी झुरतं आणि तिची अगतिकताही ओळखतं.

या साऱ्यात मला सर्वांत पूर्ण वाटतं ते ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३). वर्गाबाहेरच्या शेणावरून शाळेतले गुरुजी लहानग्या ऊर्मिलाला मारतात, तेव्हा आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विणून घर चालवणारी विधवा आई त्यांना भर रस्त्यात जाब विचारते. मुलीला धीर मिळतो तो तिथून. पुढे तीच मुलगी शिक्षण, नोकरी, चळवळ आणि संसार ओढते. नवऱ्याची नाराजी सोसते, मुलाच्या मृत्यूचं दुःख पेलते. अन्यायाशी भांडणारी मुलगी आणि दोन्हीकडून ओढली जाणारी आई एकाच व्यक्तीत आल्यामुळे कुणालाही सोपा दोष देता येत नाही.

मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांत मात्र आईबाप अजून बहुतेकदा उपदेश करतात किंवा अडवतात; घाबरलेले, चुकणारे, तरी पाठीशी उभे राहणारे क्वचित भेटतात. भीती अन्यायानेच पेरलेली असते, हे मुलांना कळू शकतं. म्हणून लेखकांना विनंती आहे: पोराच्या बंडाची गोष्ट लिहाल तेव्हा त्याच्या आईबापांना रात्री झोप का लागत नाही, तेही लिहा.