‘मिरासी’ व त्याचे पर्याय

जुने कागद छापतांना ‘मिरासी’, ‘वतनी’ व ‘इनामी’ या तिन्ही विशेषणांस ‘वंशपरंपरागत’ अशी एकच टीप जोडण्याचा मोह होतो. तो टाळणें अवश्य आहे. मूळ अरबींत मिरास म्हणजे वारसा, वतन म्हणजे निवासभूमि, इनाम म्हणजे देणगी. पैकीं पहिल्या दोहोंची सरमिसळ कागदांतच आहे. पाटिलकीसही ‘मिरासी’ म्हटलेलें आढळतें. ‘इनामी’ची गोष्ट निराळी. इनाम हयातीपुरतेंही असे, व त्यांत साऱ्याची सर्व किंवा कांहीं सूट अभिप्रेत असे. मिरासी जमिनीस सारा चुकत नसे. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांतही मिरासदार हा ठराविक सारा देणारा जमीनधनी म्हणूनच येतो. त्याचा खरा पर्याय ‘थळकरी’ होय. ‘मिरासी’चा प्रतियोगी ‘उपरी’, तर ‘इनामी’चा ‘खालसा’. या जोड्या विसरल्यास सारा भरणारा कुणबी माफीदार ठरतो आणि गांवच्या जमाबंदीचा अंदाजच चुकतो. यास्तव संपादकांनीं केवळ कोशावर न विसंबतां, कागदांत समोर कोणता विरोधी शब्द आहे तें पाहूनच अर्थ ठरवावा, हें इष्ट.