लुटलेल्यांची अनुपस्थिती

चाचे, दरोडेखोर, फरारी बंडखोर यांच्याविषयी लोकप्रिय वाङ्मयाला वाटणाऱ्या ओढीची मीमांसा बहुधा एकाच अंगाने केली जाते. सामान्य माणूस कायदा, नोकरी आणि घरसंसार यांच्या चौकटीत जखडलेला असतो; ही चौकट मोडणाऱ्याच्या साहसात तो आपल्या दडपलेल्या इच्छेची पूर्ती करून घेतो, असे ते विवेचन असते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ते अपुरे आहे. वाचकाला काय हवे असते एवढे सांगून ते थांबते. ते मिळावे म्हणून कथेतून कोणाला वगळावे लागते, या प्रश्नाकडे ते वळतच नाही. या दुसऱ्या प्रश्नाच्या उलगड्यासाठी हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याचे प्रकरण तपासून पाहण्यासारखे आहे. त्यातील घटना आपल्या समुद्रात घडली आणि तिची कथा लंडनमध्ये रचली गेली.

१६९४ च्या मे महिन्यात स्पेनमधील ला कोरुन्या बंदरात, वेतन थकल्याने चिडलेल्या खलाशांना हाताशी धरून एव्हरीने ‘चार्ल्स द्वितीय’ हे इंग्रजी जहाज पळविले आणि त्याला ‘फॅन्सी’ असे नाव दिले. सप्टेंबर १६९५ मध्ये, मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेस परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज त्याने व त्याच्या साथीदारांनी गाठले. या प्रसंगाचे वर्णन खाफीखानाने आपल्या ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ या फार्सी इतिहासग्रंथात केलेले आहे. जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या, रोकड बावन्न लाख रुपयांची होती, असे तो सांगतो. जहाजाचीच एक तोफ फुटली आणि बचाव कोलमडला. जहाजाचा कप्तान इब्राहीमखान तळघरात दडला आणि मोख्याहून विकत आणलेल्या दासींच्या डोक्यांवर पागोटी चढवून त्यांनाच लढायला पुढे केले, हा तपशीलही खाफीखान झाकत नाही. मग कित्येक दिवस जहाज लुटले जात होते. स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी कट्यारीने स्वतःचा अंत केला. खाफीखान आपल्या बादशाहीचा पक्षपाती होता हे मान्य करूनही, कप्तानाच्या भ्याडपणाची नोंद करणाऱ्या लेखकावर सरसकट अविश्वास दाखविता येत नाही.

या घटनेची इंग्लंडमधील पहिली परिणती न्यायालयात झाली, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती लक्षपूर्वक पाहावी अशीच आहे. औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकल्यामुळे कंपनीचा व्यापार धोक्यात आला होता; चाच्यांना शिक्षा होणे ही राज्याची निकड होती. एव्हरी हाती लागला नाही, तो कधीच लागला नाही. त्याचे सहा साथीदार मात्र ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभे राहिले. ‘गंज-इ-सवाई’ लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा सरकारने ‘चार्ल्स’ पळविल्याचा दुसरा खटला भरला. त्यात सारे दोषी ठरले आणि पुढच्या महिन्यात पाच जण फासावर गेले. म्हणजे हिंदी यात्रेकरूंची लूट सिद्ध झाली नाही, इंग्रजी जहाजाची चोरी सिद्ध झाली. स्वतः एव्हरीने हिंदी महासागरात पोहोचताच जाहीर पत्र लिहून, आपण इंग्रज वा डच जहाजांना उपद्रव दिलेला नाही, असे बजावून ठेवले होते. आपला वाचकवर्ग कोणता आहे, हे या माणसाला नेमके कळले होते.

त्या पाचांपैकी जॉन स्पार्क्स याने मरणापूर्वी जो पश्चात्ताप व्यक्त केला, तो छापून आलेला आहे. जहाज चोरल्याचे दुःख त्याला कमी होते. त्या परधर्मी माणसांवर केलेल्या क्रौर्याचे अधिक होते. एव्हरीविषयी इंग्रजीत जे पुष्कळ लिहिले गेले, त्यात लुटलेल्या माणसांचे भान असलेला मजकूर शोधू लागल्यास या चोपड्यापाशी थांबावे लागते. लोकप्रिय परंपरेने तो उचलला नाही.

तिने उचलले ते दुसरेच. एव्हरी मादागास्करचा राजा झाला, मोगल राजकन्या त्याच्या हाती लागली आणि त्याने तिच्याशी विवाह केला, अशी वार्ता पसरली; १७०९ मध्ये त्याचे कल्पित चरित्र प्रसिद्ध झाले; १७१२ मध्ये त्याच्यावर बेतलेले ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आले. जॉन डेनिस या समीक्षकाने नाटकाविरुद्ध तक्रार केली. पण ती कशाबद्दल? एका सामान्य खलाशाला शोकात्मिकेचा नायक केले याबद्दल! जहाजावरील बलात्काराचे कथेत लग्न झाले होते, आणि समीक्षकाला खटकली ती नायकाची जात.

रम्यीकरणाचे तंत्र इथे उघडे पडते. हिंसा नुसती सौम्य केली जात नाही. जिच्यावर ती झाली त्या व्यक्तीला संमती देणारे पात्र बनवून कथेत परत आणले जाते. शंभर वर्षांनंतर बायरनच्या ‘द कॉर्सेअर’मध्ये हेच घडते. १८१४ मध्ये पहिल्याच दिवशी या काव्याच्या दहा हजार प्रती खपल्या होत्या. त्याचा नायक कॉनराड हा चाचा, शत्रूच्या जळत्या जनानखान्यातून स्त्रियांना वाचवितो आणि त्यांतील गुलनार त्याच्यावर अनुरक्त होते. बायरनची प्रतिभा मोठीच, पण साचा जुना आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या चाच्यांच्या करमणूक-सफरीत बंदिवान स्त्रियांचा वधू म्हणून लिलाव चाललेला दाखविला जाई, आणि तो विनोदी प्रसंग म्हणून. २०१८ मध्ये तो बदलला. लिलावातील तांबड्या केसांच्या स्त्रीला स्वतःच चाची करण्यात आले. सुधारणा करतानाही बळीसाठी जागा राहिली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उलट्या दिशेनेही हे नामकरण चालते. कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल. ते आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना परवाने देत आणि परवाना नसलेली पकडीत. क्लेमेंट डाउनिंगने १७३७ च्या आपल्या इतिहासाच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचा म्हटले आहे. रंगभूमीवर राजा झालेला एव्हरी आणि ग्रंथात चाचा ठरलेले आंग्रे यांच्यामध्ये फार तर पंचवीस वर्षांचे अंतर आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते हलके नाही. मार्कस रेडिकर यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातील खलाशाचे जे चित्र रेखाटले, त्यात फटके, निकृष्ट अन्न आणि बुडविलेली मजुरी आहे. याउलट चाच्यांच्या जहाजावर कप्तान मताने निवडला जाई, लूट ठरलेल्या वाट्यांनी विभागली जाई, हातपाय गमावणाऱ्याला भरपाई मिळे. एरिक हॉब्सबॉम यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६९ मध्ये मांडलेली ‘सामाजिक दरोडेखोरा’ची कल्पनाही याच कुळातील: शासन ज्याला गुन्हेगार मानते त्याला शेतकरी आपला कैवारी मानतो. १९७२ मध्ये आंटोन ब्लोक यांनी तीवर घेतलेला आक्षेप मला विसरता येत नाही. असे दरोडेखोर पुष्कळदा जमीनदारांच्याच आश्रयाने जगत आणि शेतकऱ्यांनाच दहशतीखाली ठेवीत, असे ब्लोक यांनी दाखविले. ‘फॅन्सी’वरील समान वाटणी खरी असेल, वाटले गेले ते दुसऱ्यांचे होते.

म्हणून परिस्थितीने गुन्हेगार ठरविलेल्याची गौरवकथा लिहिताच येत नाही काय? मराठीत या प्रश्नाचा विचार अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला (१९५९) वगळून होऊ शकत नाही. या कादंबरीत रम्यता भरपूर आहे, आणि ती नाकारण्यात मला स्वारस्य नाही. घोडा आहे, तलवार आहे, नायकाच्या पराक्रमाला सहसा अडसर नाही. भाषा अनेकदा पोवाड्याच्या चढ्या स्वरात बोलते. स्त्रियांच्या चित्रणात लेखक फारसा रमत नाही, ही उणीवही खरी. तरीही एव्हरीकथेच्या पंगतीला ती बसत नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा पडला होता. हजेरीच्या जाचात अडकलेला मांगवाडा फकिरा काही लुटण्यापूर्वीच कायद्याच्या बाहेर ढकलला गेलेला आहे. बापाच्या, राणोजीच्या, मृत्यूची छाया त्याच्यावर आहे. पण दरोड्याचे तात्कालिक कारण उपासमार हे आहे. जे लुटले जाते त्यात धान्य आहे, आणि ते कोणाच्या तोंडी गेले हे कादंबरी सांगते.

महत्त्वाचा भेद आणखी पुढे आहे. एव्हरी कथेतून निसटतो. निसटणे हीच त्याची मोहिनी. फकिराच्या कृत्याची किंमत त्याच्या माणसांना मोजावी लागते आणि लेखक ती पानावर आणतो. सरकार मांगांना डांबून ठेवते, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होतात, आणि तलवार हाती असूनही फकिरा स्वतःहून स्वाधीन होतो. बंडखोराच्या कथेतील जो भाग लोकप्रिय कलेला नकोसा असतो, नेमक्या त्याच भागावर अण्णा भाऊंनी शेवट उभा केला. पुस्तक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केले आहे. १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार त्याला मिळाला. नायकाच्या शौर्याचे कौतुक तेव्हापासून पुष्कळ झाले आहे. त्या डांबलेल्या माणसांविषयीची, म्हणजे कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांविषयीची चर्चा मात्र अजून थोडीच आहे.