'द ब्लूएस्ट आय' : न्यूनगंडाच्या पलीकडे

टोनी मॉरिसन (१९३१-२०१९) यांची 'द ब्लूएस्ट आय' ही पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. लेखिकेचे जन्मगाव असलेल्या ओहायो राज्यातील लोरेन येथे, १९४०-४१ च्या सुमारास तिचे कथानक घडते. निळ्या डोळ्यांचा ध्यास घेऊन अखेर वेडी होणारी कृष्णवर्णीय बालिका पिकोला ही न्यूनगंडाचे उदाहरण होय, असे विवेचन वर्गात सर्रास केले जाते. प्रस्तुत लेखिकाही काही वर्षे तेच करीत आली. आता ते अपुरे वाटते.

'न्यूनगंड' ही संज्ञा दोष व्यक्तीच्या मनात शोधते. कादंबरी तो इतरत्र शोधते. पिकोला गोळ्या घ्यायला दुकानात जाते, तेव्हा गोऱ्या दुकानदाराची नजर तिच्यावरून जाते, पण तिला पाहत नाही. पैसे घेताना तिच्या हाताला स्पर्श करण्यासही तो कचरतो. बाहेर पडल्यावर तिला प्रथम राग येतो. तो टिकत नाही. त्याची जागा लाज घेते. हा क्रम महत्त्वाचा आहे. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांत अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली होती. त्यांच्या या संशोधनाचा आधार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शालेय विभक्ततेविरुद्धच्या निकालात घेतला. क्लार्क यांनी मुलांना विचारले. मॉरिसन मात्र भेट म्हणून ती बाहुली देणाऱ्या प्रेमळ वडीलधाऱ्यांकडेही वळतात. क्लॉडिया ती बाहुली मोडते, ते याच कारणाने.

कादंबरीचे खरे मानसशास्त्र माझ्या मते पिकोलाच्या आईच्या, पॉलीनच्या, प्रकरणात आहे. लहानपणी खिळा रुतून अधू झालेला पाय घेऊन ती दक्षिणेतून उत्तरेत येते. तिथल्या कृष्णवर्णीय बायकाही तिच्या राहणीला व बोलण्याला हसतात. एकटेपणात ती सिनेमाला जाऊ लागते आणि जीन हार्लोसारखी केशरचना करून बसलेली असतानाच गोळी चावताना तिचा पुढचा दात तुटतो. पुढे फिशर कुटुंबाच्या घरी ती मोलकरीण होते. तेथील कपाटे, तेथील स्वच्छता, तेथे मिळणारे 'पॉली' हे लाडके नाव यांतच तिला स्वतःची किंमत सापडते. त्या स्वयंपाकघरात पिकोलाच्या हातून फळांचे गरम पक्वान्न सांडते, तेव्हा आई भाजलेल्या लेकीला मारते आणि मालकांच्या मुलीला जवळ घेते. ती गोरी मुलगी तिला 'पॉली' म्हणते. पोटची मुलगी मात्र 'मिसेस ब्रीडलव्ह'. तरीही पॉलीनला निर्दय ठरवून मोकळे होता येत नाही, कारण तिच्या श्रमाला मान देणारी दुसरी जागाच तिला कोणी दिलेली नाही.

आपल्या चर्चासत्रांत या कादंबरीची तुलना ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) शी होते. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेतले असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु वर्ण आणि जात यांचे अनुभव एकजिनसी नाहीत. जात पुष्कळदा आडनावावरून, गावावरून विचारली जाते. पिकोलाबाबत विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही.

कादंबरीत एक उणीव मात्र जाणवते. पॉलीनला स्वतःचे निवेदन मिळते. पिकोलाचा आतला आवाज सविस्तर ऐकू येतो तो शेवटी, काल्पनिक मैत्रिणीशी बोलताना, म्हणजे तिचे भान सुटल्यावर. वाचक स्वतःला प्रश्न विचारण्याऐवजी तिची कीव करून थांबतात, ही खंत मॉरिसन यांनी १९९३ च्या पश्चलेखात व्यक्त केली आहे. आमच्या उत्तरपत्रिकांत आजही ती कीवच अधिक आढळते.