‘आयओआर’ म्हणजे कोण? : पलटणीच्या दप्तराचे एक वाचन

माणगावातल्या यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून मी कित्येकांना सांगितलं आहे : आमचे अण्णा यांच्याच तुकडीत होते. हे मला अण्णांनी कधीच सांगितलं नव्हतं. गावानं सांगितलं होतं. अण्णा एवढंच म्हणत, “इटलीत होतो.” घाडगे इटलीत पडले, अण्णा इटलीत होते, दोघंही मराठा पलटणीतले. गावाला आणखी काय पुरावा हवा?

अण्णा गेल्यावर पेटीत डिस्चार्ज बुक निघालं. त्यावर पलटण होती २/५, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी. घाडगे तिसरीतले. कारकुनाच्या हातून चूक झाली असणार, असं मी पुढची दहा वर्षं मानलं. कागद गोष्टीशी जुळेना, तर कागदच चुकीचा ठरवला! माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. सुपारीची वाडी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाचायला शिकलो. पण ही चूक अर्धवट शिक्षणाची नव्हती. ती मुलाची होती.

पलटणीच्या दप्तरातला मुख्य कागद म्हणजे वॉर डायरी. आर्मी फॉर्म सी २११८ : ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा सारांश. पलटणीतला एखादा अधिकारी, बहुधा ॲडज्युटंट, ती लिही आणि महिन्याच्या महिन्याला वर पाठवी. भूमध्य समुद्राकडच्या अनेक पलटणींच्या डायऱ्या आज लंडनजवळ क्यू येथे आहेत. तिला कच्चा पुरावा समजण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ती एक वाङ्मयप्रकार वाटते, आणि तिचं व्याकरण ठरलेलं आहे. गोरा अधिकारी आडनावानं येतो. सुभेदार-जमादार कधीमधी नावानं येतात. शिपाई येतो तो संख्येनं : आयओआर, म्हणजे इंडियन अदर रँक्स, इतके ठार, इतके जखमी. त्यात वडील शोधायला जाणं म्हणजे शिरगणतीच्या आकड्यात आपल्या घरचा माणूस ओळखायला जाणं.

शिपायाला नाव मिळण्याच्या वाटा दोनच दिसतात, मरण किंवा पदक. युद्धस्मारक आयोगाच्या नोंदींत मृत शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं, बायकोचं, गावाचं नाव असतं. घाडग्यांना दोन्ही वाटांनी नाव मिळालं. कॅसिनोच्या स्मारकावर ते आहे, आणि लंडन गॅझेटात २ नोव्हेंबर १९४४ ची व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणाही आहे. त्या घोषणेतलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्यात नाईक सोडून सेक्शनमधले सगळे ठार वा जखमी झाले, अशा आशयाचं. पुढे सगळं वर्णन एकट्याचं : बॉम्ब फेकला, गोळी झाडली, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. जे ‘सगळे’ होते ते त्या एका उपवाक्यात संपले. आमच्या गावानं अण्णांना नेमकं त्याच उपवाक्यात बसवलं होतं. जागा मोकळी होती ना!

दुसरी पलटण मात्र तोब्रुकला होती, ११ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलनं आग्नेयेकडून हल्ला केला. आधी विमानं, मागोमाग रणगाडे. आणि मारा नेमका मराठ्यांच्या आघाडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. सुमारे ३३ हजार माणसं कैदेत गेली. अख्खी पलटणच कैदेत गेल्यावर डायरी लिहिणार कोण? वीरगाथा सांगणाऱ्या आपल्या पुस्तकांना अशा ठिकाणी घाई होते. एक परिच्छेद, की पुढची लढाई. कैद म्हणजे जणू काही घडलंच नाही.

कैद्यांना समुद्रापलीकडे इटलीत नेत. आवेत्झानोजवळ खास हिंदी कैद्यांची छावणी होती. म्हणजे अण्णा खोटं बोलले नव्हते. ‘इटलीत होतो’ हे वाक्य त्यांनी फार जपून बांधलं होतं. ते मोठं करण्याचं काम आमचं.

एक पुरावा तर घरातच होता. अण्णा कधी भाकरी मोडताना म्हणत, “तिथं पाने मिळायचे, तेही मोजून.” आईला वाटे, बिचाऱ्यानं झाडाची पानं खाऊन दिवस काढले. ती शेजारणींना तसंच सांगायची, आणि आम्ही पोरं हसायचो. ‘पाने’ म्हणजे इटालियनमध्ये पाव. हा शब्द मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शब्दकोशात सापडला. लढत्या पलटणीला आपला लंगर, आपला आटा असतो. ‘पाने’ मोजून घेणारा माणूस दुसऱ्याच्या हातचं खात होता. एवढ्यावर कोर्टात निकाल लागणार नाही, हे मला कळतं. पण डिस्चार्ज बुक आणि हा शब्द शेजारी ठेवले, की कारकुनाची चूक उरत नाही.

अक्का म्हणते, “गावात बोलू नकोस. लोक म्हणतील, हात वर केले.” तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. अण्णांनीही तेच टाळलं असावं, चाळीस वर्षं. पण रणगाड्यांपुढे उभ्या केलेल्या रायफलवाल्यांची लाज रायफलवाल्यांनी का बाळगायची, हे मला तिला अजून समजावता आलेलं नाही.

जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांची कार्डं आहेत. चौकश्या ठरावीक संख्येतच घेतात, म्हणून अर्ज भरून ठेवला आहे. मूळ गावापुढे ‘रायगड’ लिहिलं होतं, ते खोडलं. हे नाव १९८१ चं. ‘कुलाबा’ लिहिलं, तेही खोडलं. अण्णा भरती झाले तेव्हा श्रीवर्धन नवाबाच्या अमलात होतं. आता तिथं ‘जंजिरा संस्थान’ लिहिलं आहे.