आईचे शब्द आणि परदेशी पावती

सेनेगलचा उस्मान सेम्बेन मार्सेलच्या गोदीत हमाल होता. कादंबरी आपल्या निरक्षर माणसांपर्यंत पोचत नाही म्हणून तो चित्रपटाकडे वळला. ‘मंदाबी’त (१९६८) ओळखपत्र नाही म्हणून इब्राहिमाची मनीऑर्डर अडते. आमच्या जालना जिल्ह्यात जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. फ्रेंच पैशाच्या अटीमुळे फ्रेंच आवृत्तीही काढावी लागली. जगाने मानली ती मात्र वोलोफ भाषेतली. नागराज मंजुळे यांनीही ‘फँड्री’ (२०१३) हा डुकरासाठीचा कैकाडी शब्द प्रस्थापितांच्या सोयीसाठी बदलला नाही. आमचे समीक्षक मात्र परदेशी पावती आल्यावरच अशा कलाकृतीला ‘वैश्विक’ म्हणतात. इकडे माझ्या वर्गातली, घरातून पहिल्यांदाच शिकणारी मुले निबंधातून आईचे शब्द अजून खोडतात, आणि उरलेल्या एखाद्यावर बोट ठेवून मला विचारतात, ‘सर, हे चालेल का?’