खूण वाचणं

परीक्षा तोंडावर आल्या की गडहिंग्लजमधल्या झेरॉक्सच्या दुकानांतून एक कागद हमखास फिरू लागतो. डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला तिचा अर्थ. लाल अक्षर म्हणजे पाप. पांढरा देवमासा म्हणजे निसर्गाची आंधळी ताकद. नदी म्हणजे स्वातंत्र्य, तळं म्हणजे आत्मशुद्धी. हॉथॉर्न, मेलव्हिल, ट्वेन आणि थोरो असे चौघे अर्ध्या पानात उरकलेले असतात. कागद पत्रावळीसारखा, जेवून झालं की टाकायचा.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या, नेसरी किंवा हलकर्णी भागातून एसटीनं येणाऱ्या मुलीपुढे १३५ प्रकरणांचं ‘मॉबी डिक’ ठेवलं, तर ती कागदच शोधणार. वर्गातलं बोलणं मराठीत चालतं, उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असते, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत पुस्तक पडतं. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या पुस्तकांची अशी कोष्टकं आपण करतो, ती पुस्तकंच मुळात कोष्टकं करणाऱ्या माणसांबद्दल आहेत.

‘मॉबी डिक’मध्ये कॅप्टन एहॅब डोलकाठीला सोन्याचं एक नाणं ठोकतो. पांढरा देवमासा जो आधी पाहील त्याला ते मिळणार. पुढं एका प्रकरणात जहाजावरचे एकेक जण त्या नाण्यापाशी येतात आणि त्यावरची चित्रं पाहून आपापला अर्थ सांगतात. एहॅबला त्यात जिकडंतिकडं एहॅबच दिसतो. भाविक स्टारबकला धर्म दिसतो, स्टब पंचांग उघडून राशी लावत बसतो, आणि फ्लास्क इतकाच हिशेब करतो की या नाण्यात सिगार किती येतील. शेवटी वेडा झालेला पोरगा पिप येतो आणि व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखी ‘पाहणे’ या क्रियापदाची रूपं चालवतो. प्रतीक कसं वाचावं आणि ते वाचताना माणूस स्वतःच कसा उघडा पडतो, यावर याहून मार्मिक पाठ मला माहीत नाही. परीक्षेत या प्रकरणावर प्रश्न क्वचितच येतो, कारण त्याचं एक उत्तर नाही.

हॉथॉर्ननं हीच गोष्ट आकाशात केली. ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये रात्री उल्का पडते आणि पाद्री डिम्सडेलला आभाळात इंग्रजी ‘ए’ हे अक्षर दिसतं, आपल्या लपवलेल्या अपराधाची जाहीर खूण म्हणून. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक त्याला सांगतो की गव्हर्नर त्याच रात्री वारले, तेव्हा ते अक्षर देवदूताचं असणार! नायिका हेस्टरच्या छातीवरचं अक्षर कशाचं आद्याक्षर, हे तर कादंबरी उघड सांगतच नाही. गाव आधी त्यात बदनामी वाचतं, आणि पुढं तीच बाई आजाऱ्यांच्या उशाशी बसू लागल्यावर त्यात तिचं सामर्थ्य वाचतं. हॉथॉर्नचा पूर्वज जॉन हॅथॉर्न १६९२ च्या सेलमच्या चेटकीण खटल्यांतला न्यायाधीश होता. बायकांच्या अंगावरच्या खुणा पाहून त्यांना सैतानाच्या हस्तक ठरवणारी ती न्यायालयं होती. हॉथॉर्ननं आडनावात एक अक्षर वाढवलं आणि जन्मभर खुणा वाचणाऱ्यांबद्दल लिहिलं. ‘लाल म्हणजे पाप’ हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी नकळत त्या न्यायाधीशाच्या बाकावर जाऊन बसतो.

हे सगळं गडहिंग्लजमध्ये बसून शिकण्याला वेगळी धार आहे. या पट्ट्यात, निपाणी-संकेश्वरापासून सौंदत्तीच्या वाटेवर, खूण वाचण्यातून मुलींची आयुष्यं ठरली. केस विंचरले नाहीत, गुंता झाला, त्याची जट झाली. जट म्हणजे यल्लम्मानं घातलेलं बोलावणं, म्हणून मुलीला देवीला सोडलं आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली. केसांच्या गुंत्याला एकच अर्थ आणि तोही देवीनं ठरवलेला. सत्तरच्या दशकात गडहिंग्लजमध्ये देवदासींची परिषद भरली, पुढं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव जटा कापल्या. वर्गात कोणी तसं म्हटलं नसेल, पण या कार्यकर्त्यांनी केलं ते प्रतीकाचं चिकित्सक वाचनच होतं. जट म्हणजे गुंतलेले, न धुतलेले केस, त्यापलीकडे काही नाही, असं कात्री हातात घेऊन सांगणं.

याच तालुक्यातल्या मातीतून आलेल्या राजन गवसांची ‘चौंडकं’ ही कादंबरी १९८५ ची. देवीला सोडलेल्या मुलीची ती कहाणी. तुलनात्मक अभ्यासाची आपल्याकडे मोठी हौस आहे, आणि हेस्टर प्रिन आणि देवदासी असा प्रबंध एव्हाना कोणी ना कोणी लिहिला असेल, नसेल तर लवकरच लिहील. त्यात साम्यांची यादी असेल: दोघींच्या अंगावर समाजानं चढवलेली खूण, दोघी गावाच्या नजरेखाली. मला यादीपेक्षा फरक महत्त्वाचे वाटतात. हेस्टरला खूण मिळते ती केलेल्या कृत्याची शिक्षा म्हणून. माळ बांधली जाते ती काहीच न केलेल्या पोरीला, आणि तीही मान म्हणून, हळद-भंडाऱ्यासकट. शिक्षेविरुद्ध मान ताठ ठेवता येते, हेस्टर ती ठेवते. आपलं अक्षर ती सोन्याच्या दोऱ्यानं इतकं देखणं भरते की बघणाऱ्या बायका चरफडतात. मानाविरुद्ध कशी मान ताठ करणार? आणि चौंडकं हे तर दिसणारं प्रतीकसुद्धा नाही, ते वाजतं. काखेत धरलेलं ते वाद्य जोगतिणीचं पोट भरतं. दुःखाची खूणच उपजीविकेचं साधन झाली की तिचा अर्थ उजव्या रकान्यात मावत नाही. हॉथॉर्न शिकवून झाल्यावर ‘चौंडकं’ वाचलं तर हे दिसतं, आणि ‘चौंडकं’ वाचून हॉथॉर्नकडे गेलं तर हेस्टरला किती मोकळीक होती हेही दिसतं. पण एक पुस्तक मराठीच्या कपाटात असतं आणि दुसरं इंग्रजीच्या.

पात्रांचं शिक्षण तर त्याहून गरीब आहे. ‘कॅरेक्टर स्केच’ या नावाखाली आपण स्वभावाची विशेषणं गोळा करायला शिकवतो. एहॅब सूडबुद्धीचा, हक निरागस, बार्टलबी विक्षिप्त. बार्टलबी ही मेलव्हिलची १८५३ ची कथा. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीतला हा नकलनवीस कुठलंही काम सांगितलं की सौम्यपणे नको म्हणतो, एवढंच. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. गंमत इतकीच की आपला अनुभव नेमका उलटा आहे. आपल्याकडे कारकून नकार देतो तो साहेबाला नव्हे, अर्जदाराला.

शैलीचं काय? शैली म्हणजे शेवटच्या प्रश्नातला पाच मार्कांचा तुकडा. एमिली डिकिन्सननं सुमारे अठराशे कविता लिहिल्या, हयातीत जेमतेम दहाएक छापून आल्या. १८९० मध्ये तिच्या कविता छापताना संपादकांनी तिची आडवी रेघ, तिची मोठी अक्षरं सगळं ‘दुरुस्त’ केलं, ते मूळ रूपात यायला १९५५ उजाडलं. त्या आडव्या रेघेवर वर्गात एक तास घालवावा, तर सिलॅबस मागं पडतो. मेलव्हिलची तर तक्रार केली जाते की गोष्ट सोडून तो भलतीकडेच जातो: कधी प्रवचन, कधी माशांचं वर्गीकरण, कधी चक्क नाटकातल्यासारखे रंगनिर्देश. ज्यानं चांगलं कीर्तन ऐकलंय त्याला हे परकं वाटायला नको. बुवा पूर्वरंगात तत्त्व मांडतात, आख्यान अडवून दृष्टांत देतात, दोन विनोद सांगतात आणि पुन्हा तिथंच येतात. ‘मॉबी डिक’मधलं योनावरचं फादर मॅपलचं प्रवचन मी कीर्तनाच्या चालीनं वाचून दाखवतो तेव्हा वर्ग जागा असतो.

हकलबरी फिनच्या आरंभी ट्वेन सांगून टाकतो की पुस्तकात एकाहून अधिक बोली वापरल्या आहेत. पुस्तकाचं मर्म तिथंच आहे, कारण हकचं अडाणी बोलणं हेच त्याचं नैतिक बळ. या मुलाला पुण्याच्या प्रमाण मराठीत आणला की तो लगेच शहाणा, गोंडस बाळ होतो. ‘येतोय’ला ‘येऊलालोय’ म्हणणाऱ्या, कानडीचे हेल सहज पचवलेल्या आमच्या सीमेवरच्या बोलीत हक नीट जगेल, असं मला फार दिवस वाटत आलंय. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवता चालवता या भागातल्या माणसांच्या कथा लिहिल्या, तेव्हा या भाषेत काय काय पेलतं हे सिद्ध झालेलंच आहे. आणि ‘नदी म्हणजे स्वातंत्र्य’? मिसिसिपी दक्षिणेला वाहते. धुक्यात मुक्त राज्यांकडे नेणारा केरोचा फाटा चुकतो आणि पळालेल्या गुलाम जिमला तीच नदी गुलामगिरीच्या मुलखात खोल खोल नेते. नदी कोणाच्या बाजूची नसते. आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज करत पुढं घटप्रभेला मिळायला कर्नाटकात शिरणाऱ्या हिरण्यकेशीच्या काठच्या मुलांना हे कोणी सांगायला हवं का?

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं तेही एका ठरावीक वाटेनं. हॉथॉर्न, मेलव्हिल, थोरो, व्हिटमन आणि इमर्सन या पाचांची पंगत एफ. ओ. मॅथिसन यांच्या १९४१ च्या ग्रंथानं पक्की मांडली. मेलव्हिल तर हयातीतच इतका विसरला गेला होता की आयुष्याची एकोणीस वर्षं त्यानं न्यूयॉर्कच्या जकात खात्यात काढली. मग शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेनं गव्हाबरोबर पुस्तकंही पाठवली. १९६४ मध्ये हैदराबादेत अमेरिकन अभ्यासाचं संशोधन केंद्र निघालं, आणि आपले प्राध्यापक तिथल्या ग्रंथालयात महिना-महिना बसून प्रबंधाची टाचणं घेऊन येऊ लागले. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीनं त्याच देशाचे अभिजात लेखकही खाल्ले. पचलं किती, हा प्रश्न वेगळा.

महाराष्ट्राचं अमेरिकेशी वाचनाचं नातं मात्र त्या पंगतीच्या फार आधीचं आहे आणि त्याचं केंद्र वेगळं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. फुल्यांच्या घरातून पाहिलं तर पंगतीत पहिलं पान इमर्सनचं नव्हे, गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं. त्याचं आत्मकथन १८४५ चं. मालकीण अक्षरं शिकवते, मालक थांबवतो, आणि मग हा पोरगा रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचन शिकतो. तीन वर्षांनी पुण्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली. १८५५ मध्ये, ज्या वर्षी व्हिटमननं आपला पहिला संग्रह छापला, त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’त आला, आणि ते पत्र अमेरिकन मराठी मिशनचं. खुद्द कोल्हापुरात व्हर्मांटचे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, म्हणजे हेस्टरची गोष्ट छापून पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. पुढं साठच्या दशकात म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि निग्रो साहित्याचा दाखला देत दलित लेखकांना प्रश्न विचारू लागले. अमेरिकन साहित्य शिकवताना या रेषेचा एखादा तास तरी असावा, पण ती मराठी विभागाची हद्द मानली जाते.

भाषांतरांत एकच नाव घेऊन थांबतो, दुर्गा भागवतांचं. ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे त्यांनी केलेलं थोरोचं मराठी रूप. थोरोनं तळ्याकाठची दोन वर्षं एका वर्षाच्या ऋतुचक्रात बसवली, आणि ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या बाईंना ती घडण आतून कळणं साहजिक होतं. त्याच्या पुस्तकात हिवाळ्यात मजूर येऊन तळ्याचा बर्फ कापून नेतात. तो बर्फ मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जायचा, आणि सकाळी गीता वाचणाऱ्या थोरोला वाटतं की आपल्या विहिरीचं पाणी गंगेला मिळतंय. मेलव्हिलनं तर देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यात असल्याचं ठोकून दिलंय, तेही मत्स्यावताराच्या हवाल्यानं. घारापुरीची लेणी शिवाची. तिथं देवमासा शोधणाऱ्याला त्रिमूर्तीच्या दर्शनावर समाधान मानावं लागेल. एकानं आपली गीता वाचली, दुसऱ्यानं आपली लेणी न बघता वाचली. आणि दुर्गाबाईंनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला, नंतर तुरुंगात गेल्या. थोरो एकच रात्र कोठडीत होता.

वर्गात या वर्षी मी ‘रिप व्हॅन विंकल’पासून सुरुवात केली. अर्व्हिंगची १८१९ ची कथा. डोंगरात वीस वर्षं झोपलेला रिप गावात परततो, तेव्हा खानावळीच्या पाटीवरचा राजा जॉर्जचा चेहरा तसाच असतो, फक्त लाल कोट निळा झालेला, राजदंडाच्या जागी तलवार आलेली आणि खाली जनरल वॉशिंग्टनचं नाव रंगवलेलं. आमच्या मुलांना मुचकुंदाची गोष्ट आठवतेच, पण पाटी त्यांना त्याहून चांगली कळते. १ नोव्हेंबर १९५६ ला इथून अर्ध्या तासावरचं संकेश्वर म्हैसूर राज्यात गेलं, बेळगाव जिल्ह्यातला चंदगड कोल्हापुरात आला, आणि तेव्हापासून या पट्ट्यात पाटी कोणत्या लिपीत यावरून डोकी फुटली आहेत. मी विचारलं, चित्रकारानं चेहरा का नाही बदलला? कोणी म्हणालं, सत्ता बदलली तरी माणसं तीच. कोणी म्हणालं, लेखकाला क्रांतीची थट्टा करायची होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ गप्प होता.

“सर, चेहरा परत काढायला दोन दिस लागत्यात. कोट रंगवायला अर्धा तास.”

त्याचे वडील बोर्ड रंगवतात.