‘भारी आहे, वाच’ : मुलं एकमेकांना पुस्तक देतात तेव्हा

आजचा विषय वरवर पाहता समीक्षेचा नाही. मुलं एकमेकांना आवडती पुस्तकं सांगतात, देतात, हिसकावून घेतात, त्याबद्दल बोलायचं आहे. पण आमचं म्हणणं असं, की ही समीक्षाच आहे, आणि आपण मोठ्यांनी तिच्यावर आपली समीक्षा लादून ती बिघडवत आणली आहे. आम्ही म्हणजे शनिवारी दुपारी एका वाचनालयाच्या बालविभागात मुलांबरोबर बसणारे चौघं. बिघडवण्यात आमचाही हात आहे, तेही सांगणार आहोत.

सुरुवात ‘भारी’ या शब्दापासून करू. मुलाला विचारा, पुस्तक कसं आहे? ‘भारी.’ अजून काही? ‘लय भारी.’ मग आपण हळहळतो, की मुलांची शब्दसंपत्ती आटली. आम्हीही हळहळायचो. पण एकदा आमच्यातल्या एकीनं ‘कसं?’ न विचारता ‘कुठं?’ असं विचारलं. कुठं भारी आहे? मुलानं पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. ‘इथं.’ त्या बोटाला आमच्या मते फार किंमत आहे. आम्ही मोठे एखाद्या पुस्तकावर दोन हजार शब्द लिहितो, आणि नेमकं कुठल्या पानावर ते पुस्तक आपल्याला लागलं ते सांगायचं टाळतो. मूल टाळत नाही. ‘कसं’ला त्याच्याकडे उत्तर नसतं, ‘कुठं’ला असतं.

आता शाळेत काय होतं पाहा. ‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. लेखकाचा परिचय, थोडक्यात कथानक, मिळणारा बोध, आणि शेवटी ‘म्हणून हे पुस्तक मला फार आवडते.’ आवडणं शेवटच्या ओळीत येतं, तेही ‘म्हणून’ला बांधलेलं. बोध मिळाला म्हणून आवडलं! 2015पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. हेतू चांगलाच आहे. पण त्या दिवशी माइकसमोर उभं राहून मुलं जे बोलतात ते बऱ्याचदा हाच निबंध असतो, पाठ केलेला. आणि पुस्तक कुठलं, हे फार वेळा आधीच ठाऊक असतं. ‘श्यामची आई’.

‘श्यामची आई’वर टीका करायला आम्ही उभे नाही. साने गुरुजींनी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि 1935मध्ये प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. त्याचा स्वामित्वहक्क संपला आहे, त्यामुळे कितीतरी प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. बक्षीस समारंभाला द्यायला सोयीचं. परिणाम काय? घरोघरी एखादी तरी प्रत असते, पहिल्या पानावर शाळेचा शिक्का असतो, आणि कित्येक प्रतींचा कणाही मोडलेला नसतो. दिलं गेलेलं पुस्तक वेगळं आणि मागितलं गेलेलं वेगळं. आमच्या बालविभागात या पुस्तकाच्या चार प्रती होत्या. मुलांनी एकमेकांकडून त्या मागितल्याचं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

खरं तर या पुस्तकाची बांधणी पाहिली तर ते मागितलं जायला हवं. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईच्या गोष्टी सांगतो. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस. म्हणजे हे मुळात आठवण सांगणाऱ्याचं आणि त्याच्याभोवती बसणाऱ्यांचं पुस्तक. कुठलीही एक रात्र उचलून दुसऱ्याला सांगता येते. आपण मात्र त्या बेचाळीस रात्रींचं मिळून एकच वाक्य केलं, ‘यातून संस्कार होतात’, आणि ते वाक्य मुलांच्या हातात दिलं. त्या वाक्यापोटी कोण कुणाकडून पुस्तक मागेल?

याच्या शेजारी फास्टर फेणे ठेवून बघू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. पुस्तकं बारीक, दोन दिवसांत संपणारी. हा साधा मुद्दा आहे, पण मुलांच्या देवघेवीत फार मोठा. जाड पुस्तक एका मुलाकडे महिनाभर अडकतं आणि तोवर मागणाऱ्याची इच्छा विरून जाते. फेणे शनिवारी जातो, सोमवारी शाळेत हात बदलतो. दुसरं म्हणजे ते ‘ट्टॉक्’. फेणेला काही सुचलं की तो जिभेनं आवाज काढतो. हा आवाज वाचणाऱ्याला काढून दाखवता येतो. जे पुस्तक अंगानं करून दाखवता येतं त्याची शिफारस करायला शब्द लागत नाहीत. आमच्याकडे एका पोरानं दुसऱ्याला प्रतापगडावरचा फेणे दिला तो नुसता ‘ट्टॉक्’ करून. दुसऱ्यानं विचारलं, हे काय? पहिला म्हणाला, वाच मग कळेल. झाली शिफारस.

पण मुलं भाबडी नसतात. फेणेवर आमच्या मुलांचे आक्षेप आहेत आणि ते आम्ही वहीत लिहून ठेवलेत. ‘त्यानं फोन का नाही केला?’ हा पहिला. फोन घरोघरी नव्हते, हे त्यांना समजावून सांगावं लागतं, आणि ते कळलं की गोष्ट त्यांना जास्त अवघड, म्हणून जास्त मजेची वाटते. दुसरा आक्षेप मुलींचा. यात मुली आणखी हव्या होत्या. याला आमच्याकडे समजावणी नव्हती, आणि द्यायचीही नव्हती. एका मुलीनं सांगितलं, मी वाचताना फेणेच्या जागी मलाच धरते, सायकल मला येते. तीच मुलगी हे पुस्तक सर्वांत जास्त जणांना देते. कमतरता पाहूनही पुस्तक पुढे देणारा वाचक परिपक्व मानायला हवा. आमच्यातल्या कित्येक समीक्षकांना हे जमत नाही. एक खोट सापडली की पुस्तक खाली.

लहानग्यांचं थोडक्यात सांगतो. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. चार-पाच वर्षांची मुलं ते घेऊन बसली की सांगणं लगेच पुस्तकाबाहेर जातं. ‘माझी आजी अशी नाही. माझी आजी गावाला असते.’ हा त्यांचा अभिप्राय. आणि ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991पासून वर्तमानपत्रात आली, तिचे संग्रह निघाले. दोघं-तिघं डोकी एकत्र करून ते वाचतात, आधी पोचलेला हसतो, बाकीचे ‘थांब ना’ म्हणून ओरडतात. आणि मागून पालक येऊन म्हणतात, हे ठेव, एखादं पुस्तक घे! आम्हीही पूर्वी चिंटू पुस्तकांच्या यादीत धरत नव्हतो. का, ते आता आठवतही नाही.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी आम्हाला वाटलं, मुलं एकमेकांना पुस्तकं सुचवतात तर याला जरा शिस्त लावू. भिंतीवर तक्ता लावला. पुस्तक सुचवलं की नावापुढे चांदणी, महिन्याच्या शेवटी ज्याच्या चांदण्या जास्त त्याला बक्षीस. तक्ता छान दिसायचा, लोक फोटो काढायचे. दुसऱ्या महिन्यापासून मुलं आमच्याकडे बघून पुस्तकं सुचवायला लागली. चरित्रं आली. विज्ञानाची पुस्तकं आली. बोलताना ‘यातून आपल्याला शिकायला मिळतं’ हे पालुपद आलं. सुचवणारा उभा राहायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि पुस्तक टेबलावर तसंच पडून राहायचं. कुणीच न्यायचं नाही. आधी कोपऱ्यात जे चालायचं ते गप्प झालं. आमच्या लक्षात यायला चार महिने लागले, कारण चांदण्या वाढत होत्या ना!

काय हरवलं होतं? मूल दुसऱ्या मुलाला पुस्तक देतं तेव्हा त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. पुस्तक पकाऊ निघालं तर सोमवारी ऐकून घ्यावं लागतं. पुढच्या वेळी आपलं कुणी ऐकत नाही. म्हणून ते नीट विचार करतं, की याला काय आवडेल. ‘तुला हे नाही आवडणार, तुला कुत्र्याचं आवडेल’ अशी वाक्यं आम्ही ऐकली आहेत. पुस्तकाची पारख आणि माणसाची पारख दोन्ही त्यात आहे. चांदणीनं ती जोखीमच काढून घेतली. पुस्तक कुणी नेलं काय, न नेलं काय, चांदणी पक्की.

तक्ता काढला. त्यानंतरच्या एका शनिवारी घडलेली गोष्ट सांगतो, कारण हे सगळं बोलावंसं वाटलं ते तिच्यामुळे. सहावीतली एक मुलगी शाळेत सांगितलं म्हणून ‘श्यामची आई’ वाचत होती. तिनं ते मिटलं आणि मोठ्यानं म्हणाली, मला हे नाही आवडलं. आमच्यातल्या एकानं, तो आज इथे नाही, पण त्यालाही हे मान्य आहे, तिला म्हटलं, असं म्हणू नये बाळा, मोठी झालीस की कळेल. ती गप्प झाली. पुढचे दोन शनिवार आली नाही.

आम्ही चौघं त्यावर बरंच भांडलो. एकीचं म्हणणं, काही पुस्तकांचा आदर शिकवावाच लागतो. बाकीच्यांचं म्हणणं, ‘नाही आवडलं’ म्हणायची मुभा नसेल तर ‘आवडलं’ला अर्थच उरत नाही. मत घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी घ्या, नाहीतर घेऊच नका. शेवटी आम्ही तिच्या घरी निरोप धाडला, की काय नाही आवडलं ते ऐकायचं आहे.

ती आली, आणि तिनं बोट ठेवलं ते ‘अळणी भाजी’वर. गोष्ट आपल्याला माहीत आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही बोलत नाहीत म्हणून श्यामही बोलत नाही, भाजी खाल्ली जाते. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. आपण वर्षानुवर्षं ही गोष्ट दुसऱ्याचं मन न दुखावण्याचा धडा म्हणून सांगतो. ही मुलगी म्हणाली, ‘त्यांनी सांगायला पाहिजे होतं. तिनं मीठ घातलं असतं, सगळ्यांनी नीट खाल्ली असती. आता तिला जास्त वाईट वाटलं.’

एक मुलगा लगेच म्हणाला, सांगितलं असतं तर तिला तेव्हाच वाईट वाटलं असतं, एवढं काम करून वर बोलणी. ती म्हणाली, सांगणं म्हणजे बोलणी नाही. तिसरी म्हणाली, आमच्याकडे बाबा ताट सरकवतात, त्यापेक्षा हे बरं. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आणि मग त्या मुलानं पुस्तक ओढलं, नेमकं काय लिहिलंय ते बघायला. पुस्तकात आईला वाईट वाटतंच, गुरुजींनी ते लपवलेलं नाही. म्हणजे त्या मुलीचा आक्षेप पुस्तकाबाहेरचा नव्हताच, तो पुस्तकातच बसलेला होता. धडा काढण्याच्या घाईत आपण त्यावरून पुढे गेलो होतो.

त्या दिवशी ‘श्यामची आई’च्या दोन प्रती घरी गेल्या. एक त्या मुलानं नेली, दुसरी त्या तिसऱ्या मुलीनं. बालविभागात इतकी वर्षं बसून आम्ही हे पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यासाठी कुणाला तरी ‘आवडलं नाही’ म्हणावं लागलं.

एक अडचण मात्र नुसत्या ऐकण्यानं सुटणारी नाही. शिफारस झाली की दुसरी प्रत लागते. बहुतेक ठिकाणी नव्या मराठी बालपुस्तकाची एकच प्रत घेतात, यादी मोठी दिसावी म्हणून. मग ‘भारी आहे, वाच’ म्हटल्यावर उत्तर येतं, ‘दुसऱ्यानं नेलंय.’ पन्नास पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा दहांच्या पाच-पाच घ्याव्यात असं आमचं मत झालं आहे. ग्रंथपालांना ते पटत नाही, त्यांचीही बाजू आहे. आणखी एक, इंग्रजी शाळेत जाणारी मुलं आपसात ज्या पुस्तकांबद्दल बोलतात ती बहुधा इंग्रजी असतात. आमच्याकडे एक मुलगी हॅरी पॉटर दर शनिवारी थोडा थोडा मराठीतून तोंडी सांगते, बाकीच्यांना ते इंग्रजी झेपत नाही म्हणून. हॅरी पॉटरचा छापील मराठी अनुवाद कपाटात आहे. ऐकणाऱ्यांना तो नको, तिच्या तोंडचा हवा. अडलं की ती मनानं घालते. आम्ही दुरुस्त करत नाही.

‘किशोर’चे 1971पासूनचे जुने अंक बालभारतीनं सर्वांसाठी खुले केले आहेत, घरी मुलं असतील तर ते जरूर चाळा. मुलांनाच चाळू द्या, आणि कुठं थांबतात ते बघा. वेळ बरीच झाली. ती सहावीतली मुलगी आता आठवीत आहे. परवा तिनं एका नव्या मुलाला ‘श्यामची आई’ दिलं. म्हणाली, पोहण्याचं आधी वाच, मग भाजीचं, आणि भाजीचं वाचलं की मला सांग कुणाचं बरोबर. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आता प्रश्न घेऊ या.